हाताखाली कोण होतं

आबांचे डोळे एकदम गेले नाहीत. आधी त्यांची संध्याकाळ गेली. दिवस कलला की चाचपडायला लागायचे. मग दुपारच्या कडा गेल्या, आणि शेवटी समोरच्या माणसाचं तोंड जाऊन नुसता आकार राहिला. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर काचबिंदू म्हणाले, उशीर केलात म्हणाले. आबांना ते पटलं नाही. डोंगराच्या सोंडेवर उभं राहून खालच्या अख्ख्या कळपातली लंगडी मेंढी ओळखणारा माणूस तो. आपल्या डोळ्यांना उशीर झाला हे त्यांना कसं पटावं? बसमधून परत येताना ते सारखे खिडकीकडं तोंड करून बसले होते आणि मला विचारत होते, "भागे, किल्ला आला का गं?" दौलताबादचा किल्ला उन्हात लख्ख उभा होता. मी म्हणाले, "आला, आबा." त्यांनी मान डोलावली, आपल्यालाही दिसला असावा तशी.

आमचं घर वेरूळच्या रस्त्याला, डोंगराच्या पायथ्याशी होतं. आता तिथं प्लॉटिंग झालंय. लग्नाचे हॉल आणि रंगीत दिव्यांचे ढाबे उभे राहिलेत. शहराचं नाव बदललं, पत्त्यावर मी संभाजीनगर लिहिते, पण बोलताना तोंडात औरंगाबादच येतं. तेव्हा आमच्या घराच्या मागं माळ सुरू व्हायचा तो नजर पोचेपर्यंत माळच असायचा. घराला दोन खोल्या, पुढं पडवी, बाजूला काटेरी कुंपणाचा वाडगा. पहाटे मला जाग यायची ती आईच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. त्या आवाजाला एक चाल होती, थप थप, मग परात फिरवल्याची खरखर, पुन्हा थप थप. वाडग्यातून मेंढरांचं खोकणं यायचं, कोकरांचं बारीक ओरडणं यायचं. साऱ्या घराला लोकरीचा वास होता. घोंगड्यांना, आबांच्या पटक्याला, उतरंडीलासुद्धा. शाळेत माझ्या शेजारी बसायला मुली नाक मुरडायच्या. मला मात्र त्या वासाशिवाय झोप यायची नाही. आजही लोकरीचं काही नाकाशी आलं की मला पडवीत निजल्यासारखं वाटतं.

आम्ही तिघं भावंडं. थोरला मल्हारी, त्याला मी दादा म्हणायची. मधला सोपान, आणि शेंडेफळ मी. दादा आबांचा होता. आम्ही सगळे सरळ असंच म्हणायचो, लपवायचं काही नव्हतं. धिप्पाड, दाट दाढीचा, हात असे खरबरीत की डोक्यावरून फिरवला तर केस अडकायचे. बोलायचा कमी. पाऊस सरला की कळप घेऊन वैजापूरकडं जायचा, तिकडच्या शेतकऱ्यांच्या रिकाम्या वावरात मेंढरं बसवायचा. लेंडीखताच्या बदल्यात धान्य मिळायचं. परत यायचा तेव्हा माझ्यासाठी उपरण्यात बोरं बांधून आणायचा. तो येणार असला की आबा दिवसभर पडवीत बसून राहायचे आणि काळ्या कुत्रा भुंकला की म्हणायचे, "आला माझा वाघ." जेवायला बसले की आबांच्या ताटातला चांगला तुकडा उचलला जायचा तो दादाच्याच ताटात.

सोपान आईचा होता. लहानपणापासून त्याला धाप लागायची. लोकरीची धूळ सोसायची नाही, थंडी सोसायची नाही, डोंगर चढवायचा नाही. तो घरातच आईच्या मागंपुढं असायचा. आमटीचा येसर मसाला कुटून द्यायचा, विहिरीवरून तिच्याबरोबर पाणी आणायचा, माझ्या वेण्यासुद्धा घालायचा. त्याचे हात मऊ होते आणि आवाज गोड. आई शेळीच्या दुधाची साय त्याच्यासाठी वाटीत झाकून ठेवायची. आम्हाला माहीत असायचं ती वाटी कुठंय, पण हात कुणी लावायचा नाही. आबा त्याला "चुलीपुढचा" म्हणायचे. चार माणसांत म्हणायचे आणि लोक हसायचे. सोपानही हसायचा. मग आई त्या रात्री आबांना भाकरी वाढताना आदळायची. आमच्या घरात भांडण कधी मोठ्यानं झालं नाही, ते ताटांतून आणि वाट्यांतून चालायचं. मी दोन्हीकडची नव्हते. पोरगी म्हणजे उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार, तिला कोण कशाला आपल्या बाजूला ओढेल?

डोळे पुरते गेल्यावर आबांनी ठरवलं की आता कारभार सोडायचा. आमच्यात त्याला कागद लागत नव्हता. चंपाषष्ठीला घरी खंडोबाची तळी भरायची, भावकीतली जाणती माणसं बोलवायची, आणि देवासमोर ज्याच्या डोक्याला बापानं आपल्या हातानं पटका बांधला त्याचा कळप, त्याचं वावर, त्याचं घर. बाकीच्यांनी त्याच्या शब्दात राहायचं. आबांनी पडवीत बसल्या बसल्या जाहीर केलं, "औंदा मल्हारीला बांधतो. आता माझ्यानं व्हत नाय." दादा तेव्हा वैजापूरकडं होता. मामा इकडं आला की त्याच्याकडून निरोप धाडायचा ठरलं.

आईनं ते ऐकलं आणि भाकरी थापत राहिली. पण त्या दिवसापासून ती घरात वेगळीच वावरायला लागली. काम करता करता मध्येच थांबायची. एकदा मी तिला म्हणाले, "आई, दादा कारभारी झाला की मला नवं परकर-पोलकं घेणार हाय." ती म्हणाली, "तुला घेईल गं. तू पावणी हायेस. अन् सोप्याला काय देईल? दुसऱ्याच्या मेंढरामागं धाडील त्याला. एक हिवाळा निघायचा नाय त्याच्यानं." तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "मल्हारी रानात बी जगल. दगडावर टाकलं तरी जगल त्ये. माझ्या सोप्याला हे घर सोडून कोन हाय?"

मामा, म्हणजे आईचा भाऊ धोंडीमामा, सिल्लोडचा. मक्याच्या गाड्यांवर हमाली करायचा, आला की मोठमोठ्यानं हसायचा, आम्हाला गुळातली गुडीशेव आणायचा. त्या वेळी तो आला आणि आईशी वाडग्याच्या कुंपणापाशी उभा राहून बराच वेळ बोलत होता. दुसऱ्या दिवशी तो वैजापूरकडं गेला. आम्हाला वाटलं, निरोप घेऊन गेला. निरोप त्यानं दिलाच, पण आबांनी सांगितलेला दिला नाही. दादाला त्यानं सांगितलं की आबांनी कार्यक्रम पुनवेवर ढकललाय, तवर मेंढरं सोडून येऊ नको.

चंपाषष्ठीला थंडी कडाक्याची होती. आईनं वांग्याचं भरीत केलं, बाजरीचे रोडगे भाजले. सकाळपासून पडवीत माणसं जमत होती. मी बायकांच्या घोळक्यात आतल्या दारापाशी उभी होते. दादा दिसेना म्हणून मी आईला विचारलं, तर ती म्हणाली, "कामात हाय, जा तू, पानी भर." ढोल सुरू झाला. माणसांनी तळी उचलली, येळकोटाचा गजर झाला, भंडारा उधळला आणि सगळी पडवी पिवळी झाली. त्या पिवळ्या धुरळ्यात मी पाहिलं, आबांच्या पुढं सोपान गुडघे टेकून बसला होता. अंगावर दादाचं जुनं घोंगडं डोक्यापासून ओढलेलं. गारठा होता, त्यात सोपानला धाप, त्यामुळं कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. आबांनी हात पुढं केला. घोंगड्यावरून फिरवला, घोंगडं नाकाशी नेलं. काहीतरी बोलले. सोपाननं मान खाली घालून काहीतरी उत्तर दिलं. ढोलाच्या आवाजात ते कुणाला ऐकू आलं नाही. घोंगड्यावरूनच आबांनी पटका बांधला. बांधताना त्यांच्या बंद डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ओठ हलत होते. मग त्यांनी दोन्ही हातांनी ते डोकं छातीशी धरलं. कितीतरी वेळ धरून ठेवलं.

जमलेली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. थोरला सोडून धाकट्याला? पण मामा मोठ्यानं म्हणाला, "बापाची मर्जी! देवापुढं झालं, आता काय बोलायचं?" आणि तोच आबांना हाताला धरून आत घेऊन गेला. जेवताना एक म्हातारे चुलते आबांना म्हणाले, "पोरगं गुणाचं हाय तुमचं." आबा म्हणाले, "माझ्यावाणी हाय, डिक्टो!" ते चुलते बुचकळ्यात पडले आणि त्यांनी रोडग्याचा तुकडा मोडला. हे मला फार पुढं कळलं, पण त्या रात्री आत आबांनी आईला विचारलं, "मल्हारी कुठंय?" आई म्हणाली, "मेंढरं एकली व्हती. पटका घातला अन् तसाच गेला." आबा खूश झाले. म्हणाले, "कारभारी झाला तरी मेंढरं नाय इसरला."

मी दोन दिवस आबांशी बोलले नाही. मला वाटत होतं, आबांनी दादाला दगा दिला. आयुष्यभर वाघ वाघ म्हणायचं आणि वेळ आली तेव्हा दुसऱ्याला बांधायचा, ही कुठली रीत? आबा मात्र त्या दोन दिवसांत फार आनंदात होते. पडवीत बसून बेसूर आवाजात गात होते. मला हाक मारत होते आणि मी ओ देत नव्हते. सोपान घराबाहेर पडलाच नाही. घोंगडं पांघरून कोपऱ्यात पडून होता, आणि आई त्याच्यापुढं ताट ठेवून ताट उचलत होती.

दादा पुनवेच्या आधीच आला. एक मेंढी विण्याच्या बेतात होती म्हणून तिला घरी सोडायला आला होता. काळ्या भुंकत धावत गेला. आबा पडवीतून म्हणाले, "आला माझा वाघ! ये, कारभारी, ये." दादा हसला. पायांवर डोकं ठेवलं. आबांनी नेहमीसारखा त्याच्या गालावरून हात फिरवला, दाढीत बोटं घातली. मग डोक्यावर हात नेला. डोक्याला दादाचा रोजचा मळका रुमाल होता.

"पटका कुठं ठेवलास रं?"

"कोनचा पटका?"

"कोनचा म्हंजे? परवा बांधला त्यो."

दादाला काही कळेना. तो म्हणाला, "आबा, मी तर आत्ता येऊलालोय. तुमीच नाय का निरोप धाडला, पुनवेला हाय म्हून?"

आतून येणारा भाकरीचा आवाज थांबला.  आबांचा हात दादाच्या डोक्यावर होता तो थरथरायला लागला. मग खांदे, मग सगळं अंग. तापानं कापावं तसे ते कापत होते. त्यांनी घराच्या दिशेनं तोंड केलं आणि आईला विचारलं, "आगं ए, माझ्या हाताखाली कोन व्हतं?"

आई दारात आली. हाताला पीठ. ती आबांकडं बघत नव्हती आणि दादाकडंही नव्हती. म्हणाली, "तुमचाच लेक व्हता. रस्त्यावरून नाय आनला."

दादानं आत वाकून बघितलं. कोपऱ्यात सोपान उठून बसला होता, दादाचं घोंगडं अजून अंगावर. दादा ओरडला नाही. तो खालीच बसला, आबांच्या पायांपाशी. एवढा मोठा बाप्या, लहान पोरासारखं त्यानं आबांचं धोतर धरलं. "मग सांगा की आता. चार मानसांत सांगा, चूक झाली म्हून. मी मानसं बोलावून आनतो."

आबांनी तोंड माळाकडं फिरवलं.

"आबा, सांगा ना!"

"देवापुढं बांधलंय रं," आबा म्हणाले. "भंडारा उधळून बांधलंय. ते सोडू कसं? अन् काय सांगू लोकास्नी? घरच्या बायकुनं आंधळ्याला फसवलं म्हून सांगू? हिला उद्या भावकीत कोन उभं करंल?"

"अन् मला?" दादा म्हणाला. "माझ्यासाठी काय बी नाय ठेवलं?"

आबांनी अंधारात चाचपडत हात पुढं केले. दादानं ते बाजूला केले, हळूच, धक्का न देता. उठला. उपरण्याची गाठ सोडून त्यातली बोरं माझ्या ओंजळीत घातली, आणि माळाच्या दिशेनं चालायला लागला. विणारी मेंढी वाडग्याच्या तोंडाशी तशीच उभी होती. काळ्या त्याच्या मागं गेला आणि तोही परत आला नाही.

लोक म्हणायला लागले, मल्हारी आज ना उद्या धाकट्याचा मुडदा पाडणार. दादा असं बोलला होता की नाही, मला माहीत नाही. दादाच्या तोंडी मला ते शोभत नाही. पण आईला झोप लागेना. कुत्रं भुंकलं तरी ती दचकायची. तिनं सोपानला सिल्लोडला मामाकडं धाडायचं ठरवलं. "चार दिस ऱ्हा," ती त्याचं गाठोडं बांधताना म्हणत होती, "त्याचा राग निवला की मी मामाला सांगते, मग ये." बससाठी रस्त्यावर मी त्याच्याबरोबर गेले. सोपानला धाप लागली होती. मैलाच्या दगडावर बसून तो मला म्हणाला, "भागे, एक सांगू? आबांनी मला छातीशी धरलं ना, तवा मला वाटलं हे सरू नये. मला आठवतं तवापासून त्यांनी मला कधी धरलं नव्हतं. अन् माझ्या कानात ते म्हनत व्हते, मल्हारी, माझ्या मल्हारी." तो रडत नव्हता. त्यानं मला सांगितलं की पटका त्यानं उतरंडीच्या मागं ठेवलाय, तो दादाला दे. बस आली. चढताना तो पायरीवर थांबला, दम घेतला, आणि गेला.

आईचे ते चार दिवस कधी संपले नाहीत. मामाकडून सोपान एका ट्रकवाल्याबरोबर गुजरातेत गेला. तिथं कुठल्या तरी कापडाच्या कारखान्यात लागला. वर्षासहा महिन्यांनी कुणाच्या तरी तोंडी निरोप यायचा, बरा हाय. लग्न झालं, पोरं झाली, हेही असंच कळलं. आई दर दिवाळीला त्याच्या वाटणीचं ताट वाढून ठेवायची आणि संध्याकाळी ते गाईला घालायची.

ज्याच्यासाठी एवढं केलं ते सगळं तसंच मोडत गेलं. दादानं वैजापूरकडचा कळप दुसऱ्याच्या हाती घरी धाडून दिला, पण तो हाकायला कुणी उरलं नाही. मेंढरं विकली त्या दिवशी आबा वाडग्याच्या कुंपणाला धरून उभे होते. एकेक मेंढी बाहेर पडताना ती कोणती हे आवाजावरून ओळखून नाव घेत होते. वाडगा रिकामा झाल्यावरही बराच वेळ ते तिथंच होते. त्यांच्यात एक बदल झाला होता, तो मला फार लागायचा. कुणी जवळ गेलं की ते आधी विचारायचे, "कोन?" मी रोज पाण्याचा तांब्या घेऊन जायची, रोज तेच. "मी भागी, आबा." मग ते माझा हात धरायचे, मनगटापासून बोटांपर्यंत चाचपायचे, आणि मगच तांब्या घ्यायचे. आईच्या हातचं मात्र ते न चाचपता घ्यायचे आणि तिच्याशी बोलायचे नाहीत. ते गेले तेव्हा दादा आला. मडकं धरलं, डोकं भादरलं, तेराव्यापर्यंत पडवीत निजला आणि परत गेला. मी पटका त्याला दिला. तो म्हणाला, "ठिव तुझ्याजवळ. मला काय करायचाय?"

जायच्या आधी आबांनी एक काम केलं होतं. ज्या दवाखान्यात त्यांचे डोळे दाखवले होते तिथल्या एका नर्सबाईंशी बोलून मला नर्सिंगच्या शिक्षणाला घालायचं पक्कं करून ठेवलं होतं. तो मिशनचा दवाखाना होता. सकाळी ड्युटीआधी आम्हा सगळ्या मुली हॉलमध्ये जमायचो, आणि आमच्या मोठ्या बाई पवित्र शास्त्रातली एखादी गोष्ट साध्या बोलीत सांगायच्या. मी मागच्या रांगेत, अर्धी झोपेत असायची. एके दिवशी बाईंनी सुरुवात केली, एक म्हातारा मेंढपाळ होता, इसहाक नावाचा, आणि त्याचे डोळे गेले होते. मी जागी झाले.

त्याला जुळे मुलगे. एसाव थोरला, अंगभर केस असलेला, रानात हिंडणारा, बापाचा लाडका. याकोब धाकटा, घरात राहणारा, आईचा लाडका. आईचं नाव रिबका. म्हाताऱ्यानं ठरवलं, मरायच्या आधी थोरल्याला आशीर्वाद द्यायचा. थोरला बाहेर गेलेला असताना आईनं धाकट्याला थोरल्याचे कपडे घातले, हातांना करडाचं कातडं बांधलं आणि आंधळ्यासमोर बसवलं. बाई सांगत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढं पिवळा धुरळा उडत होता. म्हातारा थरथर कापला, असं बाई म्हणाल्या तेव्हा मी उठून बाहेर गेले आणि नळाखाली तोंड धरलं.

नंतर बाईंनी मला बोलावलं. मी घरचं काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "त्या भावांचं पुढं काय झालं?" बाई म्हणाल्या, धाकटा मामाकडं पळून गेला, वर्षानुवर्षांनी भीत भीत परत आला, आणि थोरल्यानं धावत जाऊन त्याला मिठी मारली. "आणि आई?"  बाईंनी पुस्तक उघडलं, पानं पुढंमागं केली. म्हणाल्या, "थोडे दिवस जाऊन राहा, असं ती त्याला म्हणाली. त्यानंतर त्या दोघांची भेट झाल्याचं कुठं नाही गं. तिचं पुढं काही येतच नाही."

त्या गोष्टीचा मी आयुष्यभर विचार केला. लोक म्हणतात, आईनं लबाडी केली, म्हणून घर मोडलं. खरंच आहे. पण लबाडी एका सकाळची होती. तिच्या आधीची कितीतरी वर्षं आमच्या घरात चांगला तुकडा एकाला आणि साय दुसऱ्याला वाढली जात होती, आणि त्याला कुणी लबाडी म्हणत नव्हतं. सोपानला पटका नको होता. त्याला तो हात हवा होता, आणि तो मिळण्यासाठी त्याला दादा व्हावं लागलं. आबांबद्दल मात्र माझं मन अजून स्थिर नाही. त्यांना फसवलं गेलं, त्यांचं दुःख मी पाहिलं. पण चार माणसं बोलावून खरं सांगणं त्यांच्या हातात होतं. देवानं त्यांना अडवलं असतं असं मला नाही वाटत. त्यांना लाज आड आली, बायकोची आणि त्याहून आपली स्वतःची. मला दोन मुली झाल्या, तेव्हा मी वाटीतलं दूध उजेडात धरून सारखं आहे का ते बघायची. नवरा हसायचा. मी त्याला कधी सांगितलं नाही का ते.

आई शेवटची काही वर्षं माझ्याकडं सिडकोतल्या घरी होती. लहान झाली होती, गादीत कुठं आहे ते शोधावं लागायचं. माणसांची गल्लत करायची. दादा वैजापूरहून महिन्यातून एकदा यायचा. तोही म्हातारा झालेला, दाढी पांढरी. आईच्या खोलीत यायचा नाही, दाराच्या चौकटीशी खुर्ची ओढून बसायचा. ती काही बोलली तर "व्हय" किंवा "नाय" म्हणायचा, आणि सहाच्या गाडीनं परत जायचा. त्याच दिवसांत मामाच्या मुलाकडून कळलं होतं की सोपान गेला. धापेनंच गेला. मी आणि दादानं ठरवलं, आईला सांगायचं नाही.

दादा आलेला असताना अशाच एका दुपारी आई मला म्हणाली, "काय तरी सांग. गप्प नको बसू." मी तिचे पाय चोळत होते. काय सुचलं मला कोण जाणे, मी तीच गोष्ट सांगायला लागले. नावं घेतली नाहीत. एक मेंढरंवाला होता म्हणाले, त्याचे डोळे गेले, त्याला दोन लेक होते. दादा दारात बसला होता, त्यानं मान वर केली पण मला थांबवलं नाही. आई डोळे मिटून ऐकत होती. कातड्याचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्या बाईचा जीव तुटत असंल गं. एक लेकरू लुळं असलं की आई आंधळी व्हती." मी थोरला रडला ते सांगितलं. धाकटा मामाकडं गेला ते सांगितलं. आणि तिथं थांबले.

आईनं डोळे उघडले. "मग? त्ये धाकलं आलं का परत?"

मी तिच्या पायांकडं बघत म्हणाले, "आलं."

"आईच्या देखत?"

मी तिचे पाय पुन्हा चोळायला लागले.  आई माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि मग तिनं मान वळवून दाराकडं बघितलं. दादा खुर्चीवरून उठला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो चौकटीच्या आत आला, खाटेच्या कडेला बसला, आणि आपला तो खरबरीत हात त्यानं तिच्या हातावर ठेवला.

"आईच्या देखत आला," तो म्हणाला. "मी व्हतो तिथं."

"भांडला नाय ना तू त्याच्यासंगं?"

"नाय."

"जेवला का त्यो?"

"पोटभर जेवला," दादा म्हणाला. "आमी दोघं एका ताटात जेवलो."